शाळकरी मुलांनीं संशोधन कसें आंखावें?

ज्या घरांत आठवी-नववींतला विद्यार्थी आहे त्या घराला ‘प्रकल्प’ हा शब्द नवा नाहीं. शाळेकडून विषय येतो, वडील चित्रें मिळवितात, आई रंगीत कागद आणते, कोणी तरी चार पानें माहिती उतरून देतो, आणि वर सुबक अक्षरांत मुलाचें नांव घातलें कीं प्रकल्प पुरा होतो. या खटाटोपांत मुलाचें अक्षर सुधारत असेल. परंतु तो संशोधन शिकत नाहीं. जें ठाऊक आहे तें उतरून घेणें निराळें, आणि जें ठाऊक नाहीं तें शोधून काढणें निराळें. हें दुसरें काम शाळकरी मुलांच्या आटोक्यांतलें आहे काय, आणि असल्यास तें त्यांना कसें शिकवावें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडील अनुभवानेंच दिलें आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनें १९८१ सालीं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली; सहावी व नववीच्या मुलांसाठीं असलेल्या या स्पर्धेंत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांच्या जोडीला मुलानें स्वतः केलेल्या कृतिसंशोधनालाहि स्थान मिळालें. १९९३ सालीं राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं लहान गट करून आपल्या परिसरांतील एखादा प्रश्न घ्यावा व शास्त्रीय रीतीनें त्याचा अभ्यास करावा, अशी तिची योजना होती. तेव्हां मुलांच्या बुद्धीविषयीं शंका बाळगण्याचें कारण नाहीं. उणीव असते ती आंखणीची. काम करण्याची हौस पुष्कळ असते. परंतु काम सुरू करण्यापूर्वीं बसून विचार करण्याची संवय मुलांना कोणी लावलेली नसते.

आतां ही आंखणी कशी करावी हें एका उदाहरणानें पाहूं. मी राहतों तें जेसल पार्क भाईंदरच्या पूर्वेस, वसईच्या खाडीच्या कांठीं आहे. एका अंगाला खाडीचें पाणी व तिवरांची झाडी, दुसऱ्या अंगाला दाटीनें उभ्या असलेल्या इमारती. पावसाळ्यांत चौपाटीवर दोन माणसें भेटलीं कीं डांसांची गोष्ट निघते, आणि ‘खाडी आहे, तेव्हां डांस असणारच’ या वाक्यानें ती संपते. संशोधन शिकविणाऱ्या शिक्षकानें नेमकें हेंच वाक्य फळ्यावर लिहावें. तें सर्वांना मान्य आहे. परंतु तें कोणीं पडताळून पाहिलें, असें विचारल्यास सारे गप्प बसतात. आणि त्याच्या खरेखोटेपणावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. डांस खाडींतूनच येत असतील तर गृहस्थाला हातावर हात ठेवून बसण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण ते त्याच्याच सज्जांतील कुंडीखालच्या ताटलींत निपजत असतील, तर शेजारच्या मुलाला येणाऱ्या तापाची थोडी तरी जबाबदारी त्याच्या माथीं येते.

पहिली पायरी प्रश्न बारीक करण्याची. ‘आमच्या वस्तींत डांस कां होतात?’ हा प्रश्न मुलांना पेलणारा नाहीं, कारण डांस एका जातीचे नसतात. कांहीं घाण पाण्यांत वाढतात, कांहीं खाऱ्या दलदलींतहि वाढतात. डेंग्यूचा ताप पसरविणारा एडिस डांस मुख्यतः सांठलेल्या स्वच्छ, गोड्या पाण्यांत वाढतो. तो दिवसा चावतो, आणि सहसा जन्मस्थळापासून कांहींशे यार्डांच्या पलीकडे जात नाहीं. त्याची मादी भांड्याच्या आंतल्या बाजूस पाण्याच्या रेषेलगत अंडीं चिकटविते. तीं कोरड्या भांड्यांतहि कित्येक महिने टिकतात. उबदार हवेंत अंड्यापासून डांस होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यांतून एक दिवस भांडीं नुसतीं ओतून न देतां घासून कोरडीं करावीं, असें सांगतात. एवढी माहिती पुस्तकांतून मिळविल्यावर मुलांना असा प्रश्न रचतां येतो: ‘आठवड्याचा एक कोरडा दिवस पाळण्याविषयीं घरोघरीं समजावून सांगितलें, तर चार आठवड्यांनंतर अळ्या सांपडणाऱ्या घरांचें प्रमाण कमी असतें काय?’ या प्रश्नांत काय करावयाचें, काय मोजावयाचें आणि केव्हां मोजावयाचें, हीं तिन्ही अंगें आलीं. ज्या प्रश्नांत तीं येत नाहींत तो अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाहीं, असें खुशाल समजावें.

दुसरी पायरी मोजमापाची. ‘डांस फार झाले’ हें मोजमाप नव्हे. एकाला दहा डांस फार वाटतात, दुसऱ्याला शंभर. म्हणून मोजावयाची वस्तु अशी निवडावी कीं दोन मुलांनीं स्वतंत्रपणें मोजली तरी उत्तर एकच यावें. तपासलेल्या दर शंभर घरांपैकीं किती घरांत निदान एका भांड्यांत अळ्या सांपडल्या, हा आंकडा आरोग्य खात्यांतील लोकहि वापरतात. समजा, साठ घरें तपासलीं व बारा घरांत अळ्या सांपडल्या, तर तो आंकडा वीस झाला. परंतु कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचें तसराळें, न्हाणीघरांतलें पिंप, गच्चीवरील टाकी यांपैकीं काय काय तपासावयाचें, याची यादी आधींच करून ठेवली पाहिजे. एकानें गच्ची पाहिली आणि दुसऱ्यानें पाहिली नाहीं, तर दोघांच्या आंकड्यांची तुलना व्यर्थ होय.

तिसरी पायरी घरें निवडण्याची. मुलें स्वाभाविकपणेंच मित्रांच्या घरीं जातात, कारण तेथें दार उघडतें आणि खाऊहि मिळतो. परंतु मित्रांचीं घरें म्हणजे सारी वस्ती नव्हे. ज्या इमारतींच्या मंडळांनीं परवानगी दिली आहे त्यांतील सर्व सदनिकांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहावे, चिठ्ठ्या डब्यांत हलवाव्या, आणि निघतील तीच घरें तपासावीं. जें घर बंद असेल तें सोडून शेजारच्या उघड्या घरांत शिरूं नये. दुसऱ्या वेळीं पुन्हां जावें, आणि तरीहि बंदच आढळल्यास तशी नोंद करावी. दिवसभर बंद राहणाऱ्या घरांत पाणी सांठून राहण्याचा संभव अधिक असूं शकतो. तीं वगळल्यास उत्तर एका बाजूस कलतें.

चौथी पायरी तुलनेची, आणि सर्वांत महत्त्वाची हीच. जुलैंत अळ्या मोजल्या, उपदेश केला, ऑक्टोबरांत पुन्हां मोजल्या आणि त्या कमी भरल्या, तर तें श्रेय उपदेशाचें कीं ओसरलेल्या पावसाचें? हें कळण्यास उपदेश न केलेला एक गटहि त्याच दिवशीं मोजला पाहिजे. या विचाराचा इतिहास आपल्या मुंबईंतच घडला आहे. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला, तेव्हां हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली असतां पुढें आलेल्या कैद्यांना लस टोंचली, आणि न टोंचलेल्यांशीं त्यांची तुलना केली. लस टोंचलेले कमी आजारी पडले. तरीहि एक आक्षेप उरतोच: जे आपण होऊन पुढें येतात ते इतरांहून मुळांतच निराळे नसतील कशावरून? १८९८ सालीं बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं त्यांनीं अधिक काळजी घेतली. प्रत्येक कुटुंबांतील जवळजवळ निम्म्या माणसांना लस टोंचली, म्हणजे घर, अन्न व हवा दोन्ही गटांना सारखींच. पुढें ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांतील टोंचलेल्या ७१ माणसांपैकीं ३ दगावलीं, न टोंचलेल्या ६४ पैकीं २६. आंकडे एवढे बोलके झाले ते गट सारखे होते म्हणून.

आपल्या मुलांना तेंच तत्त्व लागू करतां येईल. समजा, सोळा इमारती मिळाल्या, तर चिठ्ठ्या टाकून आठ इमारतींत समजावून सांगावें आणि आठ इमारतींत तूर्त न सांगावें. एकाच इमारतींतील निम्म्या घरांना सांगणें सोयीचें नाहीं. जिन्यावर गोष्ट पसरते, आणि डांस तर भिंत ओळखतच नाहीं. कोणत्या इमारती निवडाव्या हें मात्र मुलांच्या पसंतीवर सोडूं नये. ‘तेथील लोक ऐकणारे आहेत’ म्हणून त्यांना आधीं सांगितलें, तर उत्तर सुरुवातीसच ठरून गेलें.

पांचवी पायरी मन आंवरण्याची. आपण केलेल्या उपदेशाचा गुण यावा असें मुलांना वाटणारच. मग उपदेश केलेल्या घरांत नजर थोडी आंखडते आणि दुसऱ्या घरांत ती कोपरे धुंडाळते. हें कोणी लबाडीनें करीत नाहीं, तो मनुष्यस्वभाव आहे. म्हणून ज्यांनीं समजावून सांगितलें त्यांनीं मोजूं नये, आणि मोजणाऱ्यांना इमारत कोणत्या गटांतली तें सांगूं नये. या सावधगिरीचें उत्तम उदाहरण पुण्याचें आहे. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनीं फलज्योतिषाची एक चांचणी घेतली. तिचा अहवाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटांतली तें ओळखावयास सांगितलें. पत्रिकांची ओळख सांकेतिक क्रमांकांत झांकून ठेवली होती. पत्रिका मागविल्या ५१ जणांनीं, उत्तरें पाठविलीं २७ जणांनीं. सर्वांत अधिक बरोबर उत्तरें आलीं तीं चाळिसांपैकीं २४. नुसतें नाणें उडवून चाळिसांपैकीं २८ किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शंभरांत एकाहूनहि कमी असतो. तेथवर कोणीच पोंचला नाहीं. एका संस्थेनें दोनशेंच्या दोनशें पत्रिका तपासल्या; बरोबर आल्या १०२. किती उत्तरें बरोबर आल्यास यश मानावयाचें, हें निकाल पाहण्यापूर्वीं ठरविणें, हाच येथील धडा. मुलांनींहि आपल्या वहींत आधींच लिहून ठेवावें: ‘इतका फरक पडला तर उपाय लागू पडला असें म्हणूं; त्याहून कमी पडल्यास तो योगायोग असूं शकतो.’

सहावी पायरी नीतीची. कोणाच्याहि घरांत परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. अहवालांत घराचा क्रमांक किंवा कुटुंबाचें नांव येऊं देऊं नये. याहून कठीण प्रश्न असा कीं, ज्या इमारतींत समजावून सांगितलेलें नाहीं तेथें अळ्या सांपडल्या, तर मुलांनीं काय करावें? आपला प्रयोग शुद्ध राहावा म्हणून त्या तशाच वाढूं द्याव्या काय? कदापि नाहीं. नोंद करावी आणि त्याच क्षणीं घरच्यांच्या देखत पाणी ओतून द्यावें. असें केल्यानें दोन्ही गटांतील अळ्या पहिल्या फेरींतच नाहींशा होतील हें खरें. म्हणून निष्कर्ष पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या फरकावरून काढूं नये, तर चार आठवड्यांनंतर दोन गटांत राहिलेल्या फरकावरून काढावा. दुसरी फेरी संपल्याबरोबर उरलेल्या आठ इमारतींतहि सर्व समजावून सांगावें. तुरुंगांतील कैद्यानें दिलेली संमति कितपत मोकळी मानावी, हा प्रश्न आज आपण विचारतों. मग आपल्या शेजाऱ्याच्या संमतीविषयीं मुलांना लहानपणापासूनच दक्ष केलें पाहिजे.

शेवटची गोष्ट निकालाची. समजा, दोन गटांत कांहींच फरक आढळला नाहीं. मुलें हिरमुसतात, पालक म्हणतात, ‘महिना फुकट गेला.’ फुकट मुळींच गेला नाहीं. नुसत्या उपदेशानें लोक भांडीं घासत नाहींत, हें वस्तीला कळणें मोलाचें आहे. पुढल्या वर्षींच्या मुलांना उपदेशाऐवजीं दुसरा उपाय पडताळतां येईल. नकारी उत्तर लपविणारा विद्यार्थी गुण मिळवील, पण त्याच्या पाठोपाठ येणाऱ्यांना तो त्याच खड्ड्यांत पाडील.

सुशिक्षित पालकांना माझी विनंति एवढीच कीं, यंदा प्रकल्पाची वही घरांत आली म्हणजे कात्री व गोंद शोधण्यापूर्वीं मुलाला चार प्रश्न विचारा. तुला नेमकें काय ठाऊक करून घ्यावयाचें आहे? तें तूं कशानें मोजणार? कोणाशीं ताडून पाहणार? आणि तुझा तर्क चुकला आहे हें तुला कशावरून कळणार? या चार प्रश्नांचीं उत्तरें त्याला स्वतःला शोधूं द्या. अशा मुलाचा प्रकल्प दिसावयास कदाचित् साधा असेल. परंतु उद्यां बाजारांतलें एखादें औषध, निवडणुकींतलें एखादें आश्वासन किंवा चौपाटीवर ऐकलेलें एखादें छातीठोक वाक्य त्याच्यापुढें आलें, तर मान डोलावण्यापूर्वीं तो क्षणभर थांबेल आणि ‘हें कोणीं व कसें पाहिलें?’ असें विचारील.