पत्रा दुमडण्याचे साधन : रचना, हिशेब आणि शाळेतील उपयोग

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव इचलकरंजीला अगदी लागून आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे या परिसरातील गावागावांत मागांचा खडखडाट ऐकू येऊ लागला. मागामागोमाग सुटे भाग करणारे, जोडकाम करणारे, पत्र्याच्या पेट्या व पन्हळी करणारे कारागीर आले. अशा गावातील मुलाला बोल्ट, चक्र, पट्टा ही नावे पाठ्यपुस्तकाआधीच ठाऊक असतात. परंतु शाळेच्या उंबरठ्याशी येताच हे ज्ञान तो चपलांबरोबर बाहेर ठेवतो. कारण त्याला गुण नसतात. उलट, गणितात नापास झालेला तोच मुलगा ‘याला काही येत नाही’ असा शेरा घेऊन घरी जातो. हे अंतर कमी करण्यास उपयोगी पडेल असे एक साधे साधन येथे वर्णिले आहे. ते म्हणजे पत्रा सरळ रेषेत दुमडण्याचे हातयंत्र.

तत्त्व

पत्र्याचा तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवून हातोडीने ठोकला, तर दुमड कधीच सरळ येत नाही. ज्या ठिकाणी घाव बसतो तेथे पत्रा ताणला जातो आणि शेजारी फुगतो. मुलांना वाटते, आपले बळ कमी पडले. वस्तुतः उणीव बळाची नसते, मांडणीची असते. पत्रा संपूर्ण रेषेवर एकाच वेळी घट्ट धरला गेला आणि त्याच रेषेभोवती एकाच वेळी फिरविला गेला, तर सातवीतील मुलगीही आरशासारखी सरळ दुमड करू शकते. एक पट्टी पत्रा धरून ठेवते आणि बिजागरीवर फिरणारे एक पाते तो उचलते. एवढेच या साधनाचे मर्म.

दुमडताना पत्र्याच्या आत काय घडते, हे मुलांना प्रथम रबरावर दाखवावे. जाड खोडरबराच्या बाजूवर शाईने समांतर उभ्या रेघा ओढून ते वाकवावे. बाहेरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या अंगाला जवळ येतात. मधला थर मात्र लांबत नाही व आखडतही नाही. गॅलिलिओसारख्या थोर शास्त्रज्ञालाही १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा मधला थर नीट सापडला नव्हता. तुळईचे सर्वच थर ताणले जातात असे त्याने गृहीत धरले होते. कूलोंबने १७७३ साली मांडलेल्या विवेचनाने ती चूक दुरुस्त झाली. जे रबरावर दिसते तेच अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात घडते. फक्त डोळ्यांना दिसत नाही.

साहित्य व रचना

४० × ४० × ५ मिलिमीटर मापाचे आणि प्रत्येकी ६० सेंटिमीटर लांबीचे तीन लोखंडी अँगल घ्यावेत. त्यांचे एकूण वजन सुमारे साडेपाच किलो भरते. भंगाराच्या दुकानातील चालतील, मात्र ते पीळ पडलेले नसावेत. त्याखेरीज दोन जाड बिजागऱ्या, चार सेंटिमीटर जाडीची एक फळी, नटबोल्ट आणि हाताळीसाठी नळीचे दोन तुकडे लागतात.

पहिला अँगल फळीच्या पुढल्या कडेवर असा बसवावा की त्याची एक बाजू फळीवर आडवी राहील व दुसरी पुढून खाली येईल. ही झाली बैठक. दुसरा अँगल तिच्या पाठीला पाठ लावून ठेवावा. त्याची आडवी बाजू पुढे, म्हणजे काम करणाऱ्याकडे येते. हे झाले फिरते पाते. दोन्हींचे पृष्ठभाग एका पातळीत असले पाहिजेत. आता दोन्ही टोकांकडील चार-चार सेंटिमीटर आडवी पट्टी कापून त्या जागी उघडी बिजागरी वेल्डरकडून जोडून घ्यावी. बिजागरीच्या पात्यांचा वरचा पृष्ठभाग अँगलच्या पृष्ठभागाशी समपातळीत यावा आणि तिची खीळ दोन्ही अँगल जेथे भेटतात त्या रेषेतच असावी.

साधनाचे सर्व यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे. खीळ रेषेपासून दोन-तीन मिलिमीटर जरी खाली राहिली, तरी पाते उचलताना पत्र्यावर घासत जाते, दुमड गोल येते आणि पत्र्यावर ओरखडे उठतात. साधन बिघडले असे वाटले तर प्रथम खिळीची जागा पाहावी.

तिसरा अँगल ही दाबपट्टी होय. तिची आडवी बाजू पत्र्यावर टेकते व उभी बाजू मागे राहते. पुढील कड कानशीने ४५ अंशांत तिरकी घासावी, म्हणजे पत्रा काटकोनाच्याही पलीकडे वाकविता येतो. दोन टोकांशी बोल्टने ती बैठकीवर आवळावी. बोल्टची भोके लांबट ठेवावीत, कारण पत्र्याच्या जाडीप्रमाणे पट्टी मागेपुढे सरकवावी लागते. सर्वसाधारण नियम असा की दाबपट्टीची कड बिजागरीच्या रेषेपासून पत्र्याच्या जाडीइतकी मागे असावी. दोन्ही हाताळ्या पात्याला अशा लावाव्यात की हात रेषेपासून ३० सेंटिमीटरवर येईल.

श्रमाचा हिशेब

या साधनावर सुमारे ५० सेंटिमीटर रुंदीचा पत्रा दुमडता येतो. पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा व मऊ पोलादाचा असेल, तर पात्याचे स्वतःचे वजन वगळून हाताळीवर अडीच-तीन किलोइतका जोर पुरतो. पत्रा एक मिलिमीटर जाडीचा घेतला की तोच जोर दहा-अकरा किलोंवर जातो. जाडी दुप्पट, श्रम चौपट. वर्गाचा नियम येथे हाताला कळतो. स्प्रिंगचा काटा हाताळीला अडकवून मुलांनी हा जोर मोजावा. हाताळी निम्मी धरली तर काटा किती दाखवील, हे आधी वहीत लिहून मग पाहावे. तरफेचा पाठ याहून चांगल्या रीतीने क्वचितच शिकविता येतो.

पत्रा जाड असला की दुमड दोन्ही टोकांना पूर्ण येते आणि मध्ये अपुरी राहते. याचे कारण अँगल मध्ये किंचित वाकतो. साधन लांब करण्याचा मोह येथेच आवरावा. दर सेंटिमीटरवरील भार तोच राहून लांबी दुप्पट झाली, तर मधला वाक सोळापट होतो. शाळेच्या साधनाने अर्ध्या मिलिमीटरची मर्यादा पाळावी.

आणखी एक अनुभव प्रत्येक वेळी येतो. पाते काटकोनात आणून सोडले की पत्रा दोन-तीन अंश मागे येतो. धातूत थोडे स्वभावाने परतणे असते व थोडे कायमचे वळणे असते. म्हणून काटकोन हवा असेल तर पाते थोडे पुढे न्यावे. किती पुढे, हे गुण्या लावून पाहावे आणि पात्याला तेथे अडसर ठेवावा.

मापाचा हिशेब

सर्वांत मोलाचा पाठ मापाचा आहे. अचूक १०० मिलिमीटर लांबीच्या चार पट्ट्या घेऊन प्रत्येकीला मध्यावर एक काटकोनी दुमड करावी. चारही पट्ट्यांची एकेक बाजू टोकाला टोक लावून सलग मांडावी आणि बाहेरून मोजावी. नंतर दुसऱ्या बाजू तशाच मोजाव्यात. दोहोंची बेरीज ४०० यावी अशी मुलांची अपेक्षा असते. ती सुमारे तीन ते साडेतीन मिलिमीटर अधिक भरते. पत्रा वाढला कोठून? तो वाढलेला नाही. बाहेरून मोजताना कोपऱ्याचे टोक दोनदा धरले जाते आणि पत्रा मात्र आतल्या बाजूने जवळची वाट काढतो. एका दुमडीमागे सुमारे ०.८ ते ०.९ मिलिमीटर एवढा हा फरक असतो. एका पट्टीवर तो मोजपट्टीला नीट दिसत नाही, म्हणून चार पट्ट्या घ्यावयाच्या. सूक्ष्म अंतर अनेकदा घेऊन मोजावे व भागावे, ही शास्त्राची जुनी युक्ती मुलांच्या हाती अशी येते.

हा हिशेब वहीत राहू नये, यासाठी त्यावरून एक वस्तू करावी. खडू व डस्टर ठेवण्याचे २०० × १५० मिलिमीटरचे, ३० मिलिमीटर उंचीचे तबक घ्यावे. बोथट काठासाठी १० मिलिमीटरची आत दुमड धरावी. साधी बेरीज केली तर पत्रा २८० × २३० चा लागेल. परंतु प्रत्येक दिशेला दोन काटकोनी दुमडी आहेत, म्हणून दोन मिलिमीटर वजा करून २७८ × २२८ चा तुकडा कापावा. ज्या गटाने वजाबाकी केली नाही त्याच्या तबकावर झाकण बसत नाही. शिक्षकाने लाल शाईने दाखविण्याआधीच चूक स्वतः बोलते, आणि तिच्यात अपमान नसतो.

क्रम असा ठेवावा. प्रथम चारही काठ पात्याने जमतील तितके वळवून लाकडी मोगरीने चपटे करावेत. नंतर दोन आखूड बाजू उभ्या कराव्यात. आता लांब बाजू वळविताना पूर्ण दाबपट्टी बसत नाही, कारण उभ्या बाजू आड येतात. त्यासाठी १९५ मिलिमीटरचा अँगलचा एक तुकडा वेगळा तयार ठेवावा. तो तबकाच्या आत उभा राहतो. त्याची उंची ४० असल्यामुळे ३० च्या बाजूंना स्पर्श न करता वरून मोठी पट्टी आवळता येते. कोपऱ्यांसाठी १२ मिलिमीटरचे कान लांब बाजूंनाच सोडावेत व शेवटी ते बाहेरून वळवून रिव्हेटने पक्के करावेत. क्रम बदलला तर काम अडते. कोणते आधी व कोणते मागाहून, याचा विचार करण्याची सवय येथे लागते.

दक्षता

कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. कापणे, भोके पाडणे व वेल्डिंग ही कामे शिक्षकाने किंवा गावातील कारागिराने करावीत. मुलांनी आखणे, मोजणे, दुमडणे व तपासणे एवढेच करावे. हातमोजे असावेत; प्रत्येक कड प्रथम कानशीने बोथट करावी; पाते फिरविणाऱ्याने ‘हात काढा’ असे मोठ्याने म्हटल्याशिवाय हाताळीला हात लावू नये. शाळेतील हे काम म्हणजे मजुरी नव्हे. विक्रीसाठी वस्तू करून घेण्याचा हेतू त्यात मुळीच नसावा.

वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या परिषदेतून मूलोद्योगाची कल्पना पुढे आली व झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. तिचा प्राण समवाय हा होता : हाताचे काम आणि विषयाचे ज्ञान यांचा सांधा. जेथे केवळ सूत निघाले आणि सुताबरोबरचे गणित निघाले नाही, तेथे ती योजना कोरडी झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. ते दिवस केवळ सहलीचे ठरू नयेत. गावातील पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला शाळेत सन्मानाने बोलवावे, त्याला बसावयास खुर्ची द्यावी आणि तो न लिहिता जे माप वजा करतो ते मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावे. त्याच्या हाताला ठाऊक असलेले आणि पुस्तकाला ठाऊक असलेले एकच आहे, हे ज्या दिवशी मुलाच्या ध्यानी येईल, त्या दिवसापासून तो आपले ज्ञान उंबरठ्याबाहेर ठेवणार नाही.