कर्करुग्णाची शुश्रूषा, घरी व रुग्णालयात : खर्चाच्या दोन वह्या

कर्करोगाच्या रुग्णास घरी नेल्यास खर्च किती वाचेल, हा प्रश्न नातेवाईक बिल विभागात नेहमी विचारतात. काही देणगीदारही तो विचारतात. प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र कोणाची वही उघडली यावर अवलंबून आहे.

प्रथम मर्यादा स्पष्ट केलेली बरी. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि शिरेतून द्यावयाची बहुतेक केमोथेरपी रुग्णालयातच व्हावयास हवी. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर घरी वाट पाहणे जिवावर बेतू शकते. आपला विचार आहे तो, ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे परंतु वेदना, जखमा, धाप यांवर इलाज करता येतो, अशा रुग्णांपुरता.

रुग्णालयाच्या वहीत खाटेचा खर्च बहुतांशी स्थिर स्वरूपाचा असतो. वेतन, वीज, स्वच्छता, यंत्रांची देखभाल हे खर्च एक रुग्ण घरी गेल्याने कमी होत नाहीत. त्याची खाट दुसऱ्या गरजू रुग्णास मिळाली, तरच संस्थेच्या दृष्टीने काही साधले. केवळ ‘एक खाट वाचली’ म्हणून तितके रुपये वाचले असे मांडणे हिशेबास धरून नाही.

कुटुंबाची वही निराळी. वेदनाशमनासाठी मॉर्फिनच्या गोळ्या तुलनेने स्वस्त असतात. खर्च वाढतो तो अन्यत्र. समजा, रोज ६०० रुपये मिळविणारा मुलगा महिनाभर घरी बसला व त्याचे २५ खाडे झाले, तर १५,००० रुपये बुडाले. त्यात एअर बेडचे व ऑक्सिजन यंत्राचे भाडे, ड्रेसिंगचे साहित्य आणि वाढलेले वीजबिल मिळवावे. रात्रभर जागणाऱ्या सुनेच्या वा पत्नीच्या श्रमांची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही. घरची शुश्रूषा स्वस्त भासते, त्याचे एक कारण हेच आहे.

यात पैसे देणाऱ्यांच्या नियमांची भर पडते. आरोग्य विम्याच्या पॉलिसी तसेच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या शासकीय योजना यांची रचना मुख्यतः दाखल रुग्णाभोवती आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजनाही १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, अशी खाटांच्याच भाषेत बोलते. परिणामी, ज्याचे घरी भागले असते असा रुग्णही दाखल होऊ पाहतो. यात कुटुंबाची लबाडी नाही; दाखल झाल्यास बिल भरले जाते, घरी राहिल्यास भरले जात नाही, एवढेच.

दुसरी अडचण औषधाची. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळविणे अनेक वर्षे परवान्यांच्या जंजाळात अडकले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ही वाट पुष्कळ सुकर केली. गोळी घरात नसेल तर असह्य वेदनेने तळमळणारा रुग्ण मध्यरात्री अपघात विभागात येतो. गाडीभाडे, तपासण्या, पुन्हा दाखल होणे, अशी ती सर्वांत महागडी फेरी ठरते.

ही फेरी टाळावयाची तर घरी जाणारी परिचारिका, वाहन आणि रात्री उचलला जाणारा दूरध्वनी हवा. कोझिकोड येथे १९९३ पासून हे कार्य प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिले, आणि केरळ शासनाने २००८ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. मुंबईत मात्र परिचारिकेचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो, याची जाणीव ठेवूनच अंदाजपत्रक करावे लागते.

देणगीदार खाट देतात, तिच्यावर नामफलक लावता येतो. डिझेलवर आणि परिचारिकेच्या वेतनावर तो लावता येत नाही. या सदरास देणग्या कमी येण्याचे हेही एक कारण असावे. ज्यांना या कार्यास साहाय्य करावयाचे आहे त्यांनी धनादेशासोबतच्या पत्रात ‘गृहशुश्रूषेसाठी’ असा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे ती रक्कम त्याच सदरी जमा करता येईल.