पैसा सरकारचा, पसंती पालकांची

आपल्याकडे शाळेच्या पाटीवर ‘माँटेसरी’ दिसलं की पालक आधी फी विचारतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याच पाटीखाली पहिली चौकशी वेगळी असते: ही शाळा आमच्या घराजवळच्या पहिल्या आठ शाळांत मोडते का? फीचा विषय निघत नाही, कारण नेदरलँड्समधल्या बहुतेक माँटेसरी, डाल्टन, येनाप्लान, फ्रेने आणि वॉल्डॉर्फ शाळा सरकारी पैशावर चालतात. पलीकडच्या गल्लीतल्या साध्या सरकारी शाळेला किंवा चर्चच्या शाळेला ज्या निकषांवर पैसा मिळतो, त्याच निकषांवर यांनाही मिळतो.

ही सोय शिक्षणतज्ज्ञांनी मागून मिळवलेली नाही. ती धर्माच्या भांडणातून आली. १८४८च्या डच राज्यघटनेनं कुणालाही शाळा काढायची मुभा दिली, पण खर्च ज्याचा त्यानं करायचा होता. १८७८मध्ये नव्या कायद्यानं इमारती आणि शिक्षकांबद्दलच्या अटी कडक केल्या. त्या पाळायच्या तर खर्च वाढणार, आणि सरकारी मदत फक्त सरकारी शाळांना. प्रॉटेस्टंट पालकांनी राजाकडे तीन लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज नेला. राजानं तरीही कायद्यावर सही केली. पुढची चार दशकं हा वाद डच राजकारणात धुमसत राहिला आणि १९१७मध्ये देवाणघेवाणीनं मिटला. उदारमतवादी आणि समाजवादी पक्षांना सर्व पुरुषांना मताधिकार हवा होता, धार्मिक पक्षांना आपल्या शाळांना पैसा हवा होता. दोघांनाही हवं ते मिळालं. सरकारी आणि खासगी शाळांना सारखा पैसा देणारं राज्यघटनेतलं हे कलम आज २३व्या क्रमांकाचं आहे. देशातली सुमारे दोन तृतीयांश प्राथमिक मुलं आजही सरकारनं न चालवलेल्या, पण सरकारच्या पैशावरच्या शाळांत जातात. हेगसारख्या शहरात सुरीनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या हिंदू शाळाही याच कलमाच्या आधारानं उभ्या आहेत.

देवासाठी उघडलेल्या या दारातून पुढे शिक्षणपद्धती आत आल्या. १९२३मध्ये हेगला रुडॉल्फ स्टायनरच्या विचारांची पहिली डच वॉल्डॉर्फ शाळा सुरू झाली. १९२६मध्ये शिक्षणतज्ज्ञ केस बुके यांनी बिल्टहोवनला मुलांची ‘कार्यशाळा’ म्हणवणारी शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर राजकन्या बेआट्रिक्स तिथे शिकली. मारिया माँटेसरी यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं कार्यालय १९३५पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे, आणि त्यांचा मृत्यूही १९५२मध्ये नोर्डवाइक या डच किनाऱ्यावरच्या गावी झाला.

या शाळांमधला फरक पाटीपुरता नाही, मुलाच्या दिवसात तो दिसतो. माँटेसरी शाळेत चार ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा अशा वयांची मुलं एका वर्गात असतात. काम मूल निवडतं. शिक्षक आधी निरीक्षण करतो, मग पुढचं साधन दाखवतो. डाल्टन शाळेत आठवड्याच्या कामाची यादी मुलाच्या हातात येते. वाराला रंग ठरलेला असतो. कोणतं काम कोणत्या दिवशी केलं ते मूल त्या रंगानं भरतं. अनेक वर्गांत प्रत्येक बाकावर एक ठोकळा असतो. लाल बाजू वर असली तर ‘मला आत्ता बोलावू नका’, हिरवी असली तर ‘मदत करायला तयार आहे’, प्रश्नचिन्ह असलं तर ‘माझं अडलंय’. शिक्षकाला हाक मारण्याआधी थोडं थांबायचं, शेजाऱ्याला विचारायचं, ही सवय इथे शिकवण्याचा भाग आहे. येनाप्लान जर्मनीतल्या येना शहरातून आलं. त्यात आठवड्याचे चार खांब आहेत: संवाद, खेळ, काम आणि उत्सव. वॉल्डॉर्फमध्ये एकच विषय सलग काही आठवडे रोज सकाळी चालतो, वही मूल स्वतः चित्रांनी सजवतं, एकच शिक्षक बरीच वर्षं सोबत राहतो आणि लिहिण्यावाचण्याची घाई नसते.

एकाच घरातल्या दोन मुलांना दोन वेगळ्या शाळा मानवू शकतात, याचं ठळक उदाहरण सगळ्या जगाला माहीत असलेल्या घरातलं आहे. जर्मनी सोडून अ‍ॅमस्टरडॅमला आलेल्या फ्रँक कुटुंबानं थोरल्या मार्गोला नेहमीच्या शाळेत घातलं आणि धाकट्या, चुळबुळ्या अ‍ॅनला १९३४मध्ये माँटेसरी शाळेत. नाझी अंमलाखाली १९४१मध्ये ज्यू मुलांना वेगळ्या शाळांत जावं लागलं, तोवर अ‍ॅन तिथेच शिकली. १९५७पासून ती शाळा तिचं नाव लावते आणि आजही ती सर्वांसाठी खुली सरकारी शाळा आहे.

पैसा देताना सरकार मोकळं सोडत नाही. काय यायला हवं ते सरकार ठरवतं, कसं शिकवायचं ते शाळा. गाभ्याची उद्दिष्टं सगळ्या शाळांना सारखी असतात आणि शिक्षण निरीक्षक सगळ्यांकडे येतात. आठव्या गटात, म्हणजे साधारण बाराव्या वर्षी, प्रत्येक मुलाची चाचणी होते आणि शाळा पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला देते: व्यवसायाकडे नेणारा प्रवाह की विद्यापीठाकडे नेणारा. माँटेसरीत आठ वर्षं आपल्या गतीनं वाढलेलं मूलही याच चाळणीतून जातं. ‘मुक्त’ शाळा घेतली म्हणजे परीक्षेतून सुटका, असं समजणाऱ्या पालकाची इथे निराशा होते.

प्रवेशाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. डच मूल बहुधा चौथ्या वाढदिवसानंतर लगेच शाळेत जातं. जून महिन्याची वाट पाहत नाही. सक्ती पाचव्या वर्षानंतर सुरू होते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये पूर्वी नावाजलेल्या शाळांसाठी पालक मूल तान्हं असतानाच नाव नोंदवून ठेवत. २०१५पासून शहरानं बहुतेक शाळांसाठी एकच पद्धत आणली: पालकांनी पसंतीक्रम द्यायचा, घराजवळच्या आठ शाळांत त्या मुलाला प्राधान्य, आणि जागेपेक्षा मुलं जास्त झाली तर सोडत. शाळा ऐच्छिक वर्गणी मागते, वॉल्डॉर्फ शाळांत ती सहसा जास्त असते. पण २०२१पासून कायदा स्पष्ट आहे: पालकांनी वर्गणी दिली नाही म्हणून मुलाला सहलीतून किंवा कुठल्याही उपक्रमातून वगळता येत नाही. शाळेच्या सल्लागार मंडळात पालक आणि कर्मचारी निम्मे निम्मे असतात.

आम्स्टलवेन आणि आइंडहोवनच्या परिसरात आयटीच्या नोकरीसाठी गेलेली बरीच मराठी कुटुंबं या निवडीपाशी येऊन पोचतात. इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळा महाग, डच शाळा मोफत; तेव्हा प्रश्न आधी भाषेचा येतो. चार-पाच वर्षांचं मूल थेट वर्गात बसतं आणि डच उचलतं. सहाच्या पुढच्या मुलाला बहुधा आधी नवागतांच्या भाषावर्गात घालतात. त्यानंतर पद्धत. इथे माझं म्हणणं असं की पद्धतीच्या नावापेक्षा मुक्कामाचा काळ आणि मुलाचा स्वभाव आधी बघावा. तीन वर्षांनी पुण्याला परतायचं असेल, तर उशिरा वाचायला लावणारी शाळा मुलाला परतल्यावर जड जाऊ शकते. स्वतःहून काम न उचलणाऱ्या मुलाला माँटेसरीत कोण आणि कसं हलवतं, हे खुल्या दिवशी शिक्षकांना विचारावं. मूल मागे पडतंय हे कधी आणि कशावरून कळतं, हेही विचारावं. उत्तर देताना शिक्षक एखाद्या मुलाची वही, तक्ता किंवा नोंद दाखवत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसती तत्त्वं सांगत असेल तर पुढची शाळा बघावी.

या व्यवस्थेत दोषही आहे, आणि तो मोठा आहे. फी काढून टाकली तरी माहिती, वेळ आणि पत्ता यांची किंमत उरते. शहरांतल्या माँटेसरी आणि वॉल्डॉर्फ शाळांत शिकलेल्या, सुस्थित घरांची मुलं जास्त भरतात. स्थलांतरितांची मुलं दुसऱ्या शाळांत एकवटतात. ‘गोऱ्या’ आणि ‘काळ्या’ शाळा असे शब्द डच चर्चेत वर्षानुवर्षं वापरले गेले आहेत. शाळेजवळचं घर परवडतं त्यालाच जवळपणाचं प्राधान्य मिळतं. सोडतीनं ढिसाळपणा गेला, विषमता पुरती गेली नाही.

महाराष्ट्राला यात नवं काही नाही, हे विसरायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला माँटेसरीचे विचार गरिबांच्या आणि आदिवासींच्या अंगणात नेले, महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. अनुदानित शाळांना पगार देण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि आरटीईची सोडतही आपण दरवर्षी बघतो. पण आपलं अनुदान पगाराला मिळतं. वेगळ्या पद्धतीनं शिकवायला वेगळी मोकळीक त्यातून क्वचितच मिळते. म्हणून प्रयोगशील मराठी शाळा देणग्यांवर किंवा फीवर तगून राहतात आणि पालकांच्या लेखी ‘वेगळी शाळा’ म्हणजे ‘महाग शाळा’ असं समीकरण होऊन बसतं.

डच अनुभवातून घ्यायचं ते इतकंच: उद्दिष्टं सगळ्यांना सारखी ठेवा, तपासणी कडक ठेवा, पैसा सारखा द्या, आणि शिकवायची रीत शिक्षकांवर सोडा. प्रवेश मात्र पहिल्या दिवसापासून सोडतीनं आणि वस्त्यांचा समतोल राखून द्या, नाहीतर चांगली पद्धत पुन्हा चांगल्या वस्तीतच अडकेल. आणि पालकांनी शाळा बघायला जाताना फीचा तक्ता घरी ठेवून आधी मुलांच्या वह्या मागाव्यात.