मोटारीला हवा किती हवी?

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण हे अर्धेच सत्य होय. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळावयाचे तर गाडीला जवळजवळ ११ किलो, अर्थात सुमारे ९,००० लिटर हवा ओढून घ्यावी लागते. वैशाखात इंदूर-ग्वाल्हेरकडची ही हवा किती धूळ घेऊन येते, हे रोज सकाळी फडताळ पुसणाऱ्या गृहिणीला सांगावयास नको.

याच धुळीसाठी इंजिनाच्या तोंडाशी हवागाळणी बसवलेली असते. जुन्या अँबॅसडर गाड्यांत ती तेलाच्या पात्राची असे. हवा तेलावरून वळे आणि धूळ तेलात राही. पुढे घड्या घातलेल्या कागदाची गाळणी रूढ झाली. घरातील तरुण मंडळींना मात्र ही बंद पेटी जाचक वाटते. पेटी काढून शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बसवली की हवा मोकळी जाईल, ताकद वाढेल आणि पेट्रोलही वाचेल, असा त्यांचा हिशेब. प्रश्न काही हजार रुपयांचा आणि इंजिनाच्या आयुष्याचा असल्याने वडीलधाऱ्यांनीही हा हिशेब तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

पेट्रोलच्या गाडीत गाळणीच्या पुढे थ्रॉटलची झडप असते. एक्सिलरेटर दाबला की ती उघडते. शहरातील नेहमीच्या वेगात ती थोडीच उघडी असते. नळाची तोटी अर्धी मिटलेली असताना टाकीकडून येणारा पाइप रुंद केला, तर बादली लवकर भरेल काय? तोच न्याय येथे लागू पडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा इंधनखर्च तुंबलेल्या गाळणीनेही विशेष वाढला नाही. वेग घेण्यास मात्र त्या मंदावल्या. गाळणी तुंबूनही जो खर्च वाढत नाही, तो ती अधिक मोकळी केल्याने घटेल कसा?

राहिला ताकदीचा प्रश्न. झडप पूर्ण उघडून इंजिन जोरात फिरत असेल, तेव्हा मोकळ्या वाटेचा थोडा लाभ होतो, हे खरे. परंतु मूळ पेटीची नळी बहुधा पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेते, तर उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. बाहेर ४० अंश आणि आत ६० अंश असतील, तर तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के कमी हवा मावते. मिळाले ते उष्णतेने गेले! पेटी निघाल्यामुळे आवाज तेवढा वाढतो आणि कानाला तीच ताकद भासते.

थंड हवेसाठी नळीचे तोंड खाली चाकाजवळ नेण्याची युक्तीही काही जण करतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना हीच युक्ती घातक ठरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या गाळणीच्या कितीतरी पट होतो. कोणतीही गाडी पाण्यात बंद पडल्यास ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न न करता ढकलून बाहेर काढावी, हे घरातील प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवावे.

मग करावे काय? सुट्टीत नाशिक-पुण्याकडे निघण्यापूर्वी पेटी उघडून गाळणी पाहावी. धुळीच्या प्रदेशात ती पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच बदलावी. तिची रबरी कड नीट बसली आहे ना, नळीला चीर नाही ना, पेटीच्या क्लिपा घट्ट आहेत ना, हे पाहावे. फटीतून शिरणारी बारीक धूळ सिलिंडरच्या भिंती झिजवते आणि गाडी तेल खाऊ लागते. नवी कागदी गाळणी उघड्या गाळणीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, आणि ती बदलावयास घरच्याच तरुणास सांगितले तर त्याची हौसही भागेल.