खेळ, मात्रा आणि कान

आंतरजालावर कविता लिहायला लावणारे खेळ आता पुष्कळ आहेत. कुठे विखुरलेले शब्द सरकवून ओळ जुळवायची, कुठे दिलेल्या शब्दाला यमक शोधायचे, कुठे लिहिलेल्या ओळीच्या मात्रा मोजून घ्यायच्या. साधन नवे असले तरी कल्पना जुनीच आहे. समस्यापूर्तीत एक चरण दिलेला असे, बाकीचा श्लोक कवीने रचायचा. उखाण्यात नाव ठरलेले, यमक आपले. फ्रेंच लेखक रेमाँ क्नो यांनी तर १९६१ साली दहा सुनीतांच्या ओळी सुट्या पट्ट्यांवर छापल्या. चौदा ओळी, प्रत्येक ओळीला दहा पर्याय. म्हणजे एकावर चौदा शून्ये इतकी सुनीते.

या खेळांचा पहिला गुण असा, की ते भीती घालवतात. ‘काय लिहू?’ या प्रश्नाच्या जागी ‘इथे काय बसेल?’ हा सोपा प्रश्न येतो. आमच्या सुरतेच्या नर्मदाने १८५७ साली ‘पिंगळप्रवेश’ लिहून छंदशास्त्राचे दार गुजराती वाचकांसाठी उघडले. मात्रा मोजणारे साधन आज तेच काम करू शकते.

माझ्याकडे येणारी बरीच मुले उधना-लिंबायत भागातली. घरे मूळची खानदेशातली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती-हिंदी. एकाने आईवर ओळ लिहिली. त्याचा ‘मन्ही’ हा शब्द मोबाइलने बदलून ‘माझी’ केला आणि त्याने तो तसाच राहू दिला. मी विचारले, तर म्हणाला, “मॅडम, तेच शुद्ध ना?”

आम्ही दोन्ही शब्द मात्रा मोजणाऱ्या साधनात टाकले. नियम असा: लघु अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन, जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू. ‘माझी’ चार, ‘मन्ही’ही चार. मग मी त्याला शब्द मोठ्याने म्हणायला लावला. ‘न्ही’चा आघात ‘म’वर पडत नाही. म्हणजे ‘म’ लघुच, मात्रा तीन. ‘तुम्ही’ या शब्दाचेही असेच होते. साधनाला नियम ठाऊक होता, उच्चार ठाऊक नव्हता. मुलाने ‘मन्ही’ परत आणला आणि कमी पडलेल्या एका मात्रेसाठी तासभर ओळ फिरवत बसला. त्या तासात तो कविता लिहीत होता.

म्हणून साधन निवडताना मी एकच कसोटी लावते: ते अट घालते, की ओळ पुरवते? गूगलने २०२० मध्ये आणलेले ‘व्हर्स बाय व्हर्स’ आपल्या पहिल्या ओळीपुढे अमेरिकी कवींच्या धाटणीच्या ओळी सुचवत असे. ते गंमत म्हणून ठीक. पण शब्द शोधण्याची खटपटच वाचली, तर शिकणाऱ्याच्या हाती काय उरणार?

शिक्षकांनी हे खेळ वर्गात जरूर आणावेत. आधी ओळ मुलाने लिहावी, मग साधनाने मोजावी, शेवटी सगळ्यांनी ती मोठ्याने म्हणावी. साधनाचे आणि कानाचे जुळले नाही, तर कानाचे ऐकावे. आणि घरचा शब्द यंत्राने बदललाच, तर तो परत लिहायला मुलांना शिकवावे.