पणजीबाई, स्टार्ट व्हा!

बावीस वर्षं गुऱ्हाळाच्या शेडमध्ये गंजत पडलेली जीप पुन्हा सुरू करायची, म्हणजे नेमकं काय करायचं? यवतच्या शेतावर घालवलेल्या सहा रविवारांचा हा हिशेब!

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक तरी थार उभी असतेच. शनिवारी तिचा मालक ताम्हिणीला जातो आणि सोमवारी फोटो दाखवून सगळ्यांना पकवतो. पण बॉस, या थारची पणजी कोण, ते त्याला विचारून बघा. गाडी तिथेच बंद पडते!

तर ऐका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने ती सामान्य गिऱ्हाइकांसाठी आणली आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्राने मुंबईत माझगावला तिचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली. १९५३ साली विलीजचं ‘सीजे थ्री बी’ मॉडेल आलं. आतलं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. हेच मॉडेल महिंद्राने पुढे आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं.

अशीच एक सीजे थ्री बी माझ्या मामांच्या यवतच्या शेतावर उभी होती. आजोबांनी १९६८ साली घेतलेली. बंद पडलेलं गुऱ्हाळ, त्यातलं चुलवाण आणि शेजारी ही. टायर मातीत रुतलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. भंगारवाला दर दिवाळीला किलोचा भाव सांगून जायचा. या वेळी मामींनी ‘ने बाबा एकदाची’ म्हणून टाकलं. मामा नुसतेच गप्प. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला आली, की वारकऱ्यांच्या पिठल्याची पातेली आणि भाकऱ्यांच्या दुरड्या आजोबा याच जीपमधून न्यायचे. भंगारवाल्याला आम्ही दोन महिन्यांची मुदत मागितली.

सेल्फ नको, हँडल!

हडपसरहून सत्तरीतले एक मिस्त्री आणले. त्यांचा पहिला नियम, बॅटरी जोडायचीच नाही. ‘इंजिन जाम असताना सेल्फ मारला, तर आत मोडतोड नक्की.’ मग चारही प्लग काढले. भोकांतून थोडं थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडलं आणि आठ दिवस विसरून गेलो.

दुसऱ्या रविवारी हँडल लावलं. हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. तिसऱ्या रविवारी हँडल पाव फेरा फिरलं आणि मामांनी चक्क टाळी वाजवली! पण एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चिकटलेला निघाला. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून, तेल सोडत तो हळूहळू मोकळा केला.

मग बाकीचं. टाकी असते ड्रायव्हरच्या सीटखाली. आतल्या पेट्रोलचा डिंक झालेला. कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले. वायरी उंदरांनी खाल्लेल्या, त्या नव्या टाकल्या आणि प्लगला एक-तीन-चार-दोन या क्रमाने जोडल्या. पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइपही बदलले, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

सहाव्या रविवारी पेट्रोलची बाटली सलाइनसारखी लटकावली आणि वाळूची बादली जवळ ठेवली. अकराव्या हँडलला एक फटका, निळा धूर, आणि ‘धड-धड-धड’! मामी पदराने नाक धरून बाहेर आल्या. ‘अगं बाई, हिचा आवाज तोच आहे की!’

रॅली की पिठलं?

खरा वाद त्यानंतर झाला. शेजारचे म्हणाले, पेट्रोल परवडणार नाही, डिझेल इंजिन बसवा. अनेक जुन्या जीपवाल्यांनी तेच केलंय. मी नको म्हटलं, कारण २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, शिवाय नंबरात झोकदार ‘व्हीए’ अक्षरं!

मामांनी शांतपणे विचारलं, ‘आणि मग चालवायची कुठं?’

गोम तिथेच आहे. व्हिंटेज गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. ‘म्हणजे मिरवायची, पण कामाला लावायची नाही? तुझ्या आजोबांनी ही काय शोकेसमध्ये ठेवायला घेतली होती का रे?’

यावर मी काय बोलणार! पेट्रोल इंजिन राहिलं, व्हीए अक्षरं राहून गेली. आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर, म्हणून वारस म्हणून मामांचं नाव लावायला फॉर्म ३१ आणि जुनी नोंदणी पुन्हा चालू करायला फॉर्म २५ भरलाय. गाडीची तपासणी व्हायचीय. तोवर जीप उसाच्या बांधावरून वाड्यापर्यंत, म्हणजे फक्त घरच्या जमिनीत फिरते. भंगारवाला परवा येऊन गेला. मामांनी त्याला चहा पाजला आणि एक चक्कर मारून आणली.

तुमच्याही गावी अशी जीप आहे?

• आधी कागद शोधा. आरसी बुकातले इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का, ते पाहा.
• इंजिन हाताने मोकळं फिरल्याशिवाय सेल्फ मारू नका.
• जुनं पेट्रोल, ऑइल, रेडिएटरचं पाणी, सगळं काढून टाका.
• गाडी हलवण्याआधी ब्रेक करा. या जीपच्या ब्रेकची लाइन एकच, कुठेही गळली की चारही चाकांचे ब्रेक जातात.
• डिझेल इंजिन बसवण्याआधी आरटीओत विचारा. मूळ रूप गेलं, की व्हिंटेज नोंदणीची वाटही जाते.