डोक्याला मार लागल्यावर ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसून फरक पडतो का?

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात शेवटच्या षटकात चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. क्षेत्ररक्षणाला तो आलाच नाही. त्याच्या जागी हर्षित राणा 'कन्कशन सब्स्टिट्यूट' म्हणून उतरला आणि त्या बदलीवरून बराच वाद झाला.

दोनच दिवसांनी अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. कुस्तीत बदली पैलवान नसतो. नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकीवरून पडणाऱ्यालाही नसतो. सीटी स्कॅन नॉर्मल आला की तो घरी येतो, पण डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, विसरभोळेपणा कधीकधी आठवडेच्या आठवडे चालू राहतो. कन्कशनमध्ये मेंदूचं काम बिघडतं. ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

अशा वेळी मोबाईलवर 'हायपरबॅरिक ऑक्सिजन'ची रील आली, तर घरच्यांना आशा वाटणारच.

चेंबरमध्ये होतं काय?

हवाबंद कक्षात हवेचा दाब नेहमीच्या दीड ते तीनपट केला जातो आणि रुग्ण शुद्ध ऑक्सिजन घेतो. रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीही ऑक्सिजनने जवळपास भरलेलंच असतं. दाबामुळे जास्तीचा ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, तिप्पट दाबाखाली तो सहाच्या आसपास जातो.

हा उपचार थोतांड नाही. पाणबुड्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात तेव्हा तोच मुख्य इलाज असतो. म्हणूनच मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारातील संस्थेत असे कक्ष आहेत. कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा, मधुमेहाच्या पायाच्या काही जखमा, रेडिएशनमुळे झालेली इजा यांतही तो वापरतात.

मग कन्कशनमध्ये?

इथे गाडी अडते. अमेरिकी लष्कराने कन्कशननंतर त्रास राहिलेल्या ७२ सैनिकांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला दीडपट दाबाखाली ऑक्सिजनची ४० सत्रं. तिसरा गटही ४० वेळा चेंबरमध्ये बसला, पण त्याला किंचित वाढवलेल्या दाबाखाली साधी हवा दिली. चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट सुधारले. ऑक्सिजनवाल्यांना साध्या हवेवाल्यांपेक्षा जास्त फायदा मात्र दिसला नाही.

समर्थक म्हणतात, तो किंचित दाबही औषधच आहे. ते पूर्णपणे खोडता येत नाही. पण रोजची देखभाल, विश्रांती, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय ही भावना, यांनीही माणूस सुधारतो. २०१८ च्या आणखी एका लष्करी अभ्यासात सुरुवातीला थोडा फायदा दिसला, पण तो टिकला नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही मेंदूच्या दुखापतीसाठी या उपचाराला मान्यता दिलेली नाही.

आता नगरकरांचा हिशोब. पुणे साधारण १२० किलोमीटर. चाळीस सत्रांसाठी रोज जाऊन-येऊन ९,६०० किलोमीटर होतात, तेही गाडीच्या हादऱ्यांनी डोकं ठणकणाऱ्या माणसाला घेऊन. फी वेगळीच.

धोकेही आहेत. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, क्वचित फिट येते. आगीचं भय तर कायमच, म्हणून आत मोबाईल, लायटर, केसांना तेल काहीच चालत नाही. गहुंजेचा सामना झाला त्याच तारखेला अमेरिकेत मिशिगनमधल्या एका केंद्रात चेंबर पेटून पाच वर्षांचा मुलगा दगावला.

करायचं काय?

पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाईल कमीत कमी. नंतर अंधाऱ्या खोलीत पडून न राहता हळूहळू चालणं-फिरणं. बहुतेक जण महिनाभरात बरे होतात. त्रास राहिला तर मानेचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम, झोप आणि डोकेदुखीवरचे उपचार यांचा उपयोग होतो. पूर्ण बरं होईपर्यंत आखाडा, कबड्डी, दुचाकी बंद.

पण सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हातापायातली ताकद जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं किंवा उठवूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावं.